दोघांपुरतं रामेन

दि. ३ जून

चि. ठकूस दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र हातात पडल्यावर तू म्हणशील, दादाला एकाएकी काय झालं, फोन नाही का त्याच्याकडे. फोन आहे. पण तुझे कान कारखान्यातल्या मागांनी खाल्ले, त्यामुळे तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे सगळ्या मजल्याला ऐकवायचं. आणि मला जे सांगायचंय ते भिंतीपलीकडे बसलेल्या माझ्या लेकीला कळता कामा नये. खालचा पहारेकरी हे पत्र टपालात टाकेल. गडी विश्वासाचा आहे, माझ्या गप्पांवर पोसलाय.

जिन्यावरून पडून मोडलेला पाय आता बरा आहे. तुझ्यापाशी खरं सांगतो, काठीसुद्धा लागत नाही. मनी कामाच्या खोलीचं दार लावून बसली की मी काठी कोपऱ्यात उभी करतो आणि स्वयंपाकघरापर्यंत तुरुतुरु जाऊन येतो. तिची खुर्ची सरकली की पुन्हा लंगडा. हसू नकोस. काठी टाकली तर इथे राहायचं कारण काय सांगू? मला रोज डोळ्यांपुढे माझी खानावळ आणि तिच्या वरच्या माझ्या दोन खोल्या दिसतात. पण जावई सोडून गेले तेव्हापासून पोर एकटी आहे. दुपारी न्हाणीघरात नळ सोडून ती बराच वेळ कुणाशीतरी फोनवर बोलते. नळ कशाला सोडतात माणसं? रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. माझे कान तुला ठाऊक आहेत. गल्ल्यावर बसून, चमचा ताटाला कसा लागला यावरून मी सांगायचो, हे गिऱ्हाईक उद्या येणार की नाही. तेव्हा पोरीला अशी टाकून मी जाऊ शकत नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाण्याचे पाइप दिसतात. कुठल्या मजल्यावर कोण कधी आंघोळ करतं ते मला पाठ झालंय. एवढंच माझं जग.

आता रामेनचं ऐक. रामेन म्हणजे सूपमध्ये बुडवलेल्या लांब शेवया, वर मांसाचा काप आणि अर्धं अंडं. इथल्या एका नावाजलेल्या हॉटेलवाल्याने ते घरी शिजवायचा डबा काढलाय. डब्यात सूप गोठवून विटेसारखं, शेवया पिठात लोळवलेल्या, तेलाची पुडी, मसाल्याची पुडी आणि चित्रांचा कागद. सगळं दोघांपुरतं. पहिला डबा मनीने शिजवला, वाडगा माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, कसं झालंय बाबा. आता आपल्या घरात पानात वाढलेल्याला नको म्हणायचं नाही, हा कायदा कुणाचा? माझाच. खानावळीच्या भिंतीवर पाटी आहे, तीच घरात लागू होती. म्हटलं, फर्मास. थेंब ठेवला नाही. पोरीने त्याच दिवशी आठवड्याचा रतीब लावला. मी पुन्हा फर्मास म्हटलं. आता आठवड्यात दोनदा येतं.

हॉटेलवाल्याला नावं ठेवणार नाही. त्याने हाडं मन लावून उकळली आहेत, ते जिभेला कळतं. पण हे त्याच्या ओट्यासमोर बसून, भांड्यातून वाडग्यात पडलं की लगेच खायचं प्रकरण. इथे शेवया शिजतात, तेवढ्यात मनीचा फोन वाजतो. एकट्याने सुरुवात करायची नाही, हा कायदाही माझाच. मग शेवया सगळं सूप पितात आणि फुगून माझ्याकडे बघत बसतात. आता तर डब्याचा चिकट कागद टर्रकन फाटल्याचा आवाज आला की माझी भूक पळते.

कुणाला बोलू नकोस. लोभ आहेच, तो या सूपसारखा गोठवून ठेवू नकोस.

तुझा दादा

---

दि. ९ जून

ती. आत्यास मनीचा सा. न. वि. वि.

तुला माझं पत्र बघून गंमत वाटेल. पण तुला ऐकू येत नाही आणि बाबांना सगळंच ऐकू येतं, तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही. हल्ली ऑफिसचं काही खासगी बोलायचं तर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडते. पाण्याचं बिल बघून एक दिवस बाबाच विचारतील.

बातमी अशी. आम्ही चष्म्याच्या काचा बनवतो, हे तुला माहीत आहेच. कंपनी दुसऱ्या शहरात नवा कारखाना उघडते आहे आणि काचा तपासायचा सगळा विभाग मला देऊ म्हणतात. बारा वर्षं मी याचीच वाट बघत होते. महिनाअखेरीस हो की नाही ते सांगायचंय. मी नाही सांगणार आहे. तिथे पहिली दोन वर्षं वसाहतीतली एक खोली, घरी यायला अपरात्र. बाबांना तिथे कुठे नेऊ? इथे एकटे कसे ठेवू? अजून काठीशिवाय त्यांचं पाऊल उचलत नाही. डॉक्टर म्हणतात, हाड कधीच जुळलंय, आता चालायला हवं. पण वेदना डॉक्टरांना होत नाहीत. बाबा खोलीतून बाहेर येतात तेव्हा आधी काठीचा आवाज येतो, टक, टक, आणि मी मनातल्या मनात ते नाहीचं पत्र पुन्हा एकदा लिहिते.

वाईट वाटून घ्यायचं नाही, असं ठरवलंय. नवरा म्हणवणारा गेला तेव्हा रडायचं होतं तेवढं रडून झालं. खरं म्हणजे तो गेल्यापासून घरात हवा खेळते. पण ही खोली, हा संगणक, हे टेबल आणि दार लावलं की आत कोंडलेला तो रामेनचा वास! आत्या, मला तो सोसत नाही. तेल पडद्यांना बसलंय, उशीला बसलंय. पण बाबा आजारपणानंतर एवढं एकच मन लावून खातात. वाडगा उचलून तळाशी आलेलं सूपसुद्धा पितात. मग मी समोर बसून माझा वाडगा संपवते. नको म्हणायची आपल्या घरात सोय आहे का?

तुलाही एक डबा पाठवते आहे. निदान तुझं मत खरं असेल. बाबांना यातलं अक्षरही कळू देऊ नकोस, तुला माझी शपथ.

तुझ्या मायेचा रतीब चालू ठेव.

मनी

---

दि. १४ जून

ती. दादास ठकूचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी आणि शेजारची शिवणवाली, दोघी हसलो. तिला काही सांगितलं नाही, नुसतं हसायला बोलावलं. मग ती गेल्यावर माझं हसू गेलं.

दादा, तू एवढा हुशार. हॉटेलात फडकं मारता मारता मालक झालास, माणसाच्या ढेकरेवरून त्याचा पगार ओळखतोस. तुला कधी असं वाटलं नाही का, की नळाचा आवाज हा नुसता नळाचा आवाज असेल? कानाला ऐकू येतं, पण कानाला डोकं कुठे असतं. मी बहिरी आहे म्हणून सांगते. मला ऐकू येत नाही, त्यामुळे मी विचारते. तू विचारून बघ ना पोरीला सरळ, बाई गं, तुझं काय चाललंय.

जास्त लिहीत नाही. माझ्या तोंडाला दोन्हीकडून कुलूप आहे. (याचा अर्थ लावत बसू नकोस.)

काठी मिरवणं पुरे कर. माया आहे तशीच आहे.

ठकू

---

दि. १८ जून

चि. ठकूस आशीर्वाद, वि. वि.

विचारलं. तुझा सल्ला मानला. परवा वाडग्यावर बसलो असताना म्हटलं, मने, सगळं बरं आहे ना. ती म्हणाली, हो बाबा, तुमचं? मी म्हटलं, झकास. आणि दोघांनी शेवया ओढल्या. आता आणखी काय विचारू?

एक मात्र माझ्या ध्यानात आलंय. ती अलीकडे फार गोड वागते. खानावळीत नोकर असा गोड वागायला लागला की मी समजायचो, याने मनाशी काहीतरी ठरवलंय आणि आता मला सांगणार नाही. काल न्हाणीघराशी जरा रेंगाळलो. नळाच्या आवाजातून एवढंच कानी आलं की घरच्या कारणाने मला जमायचं नाही. कसलं कारण, काय जमायचं नाही, कळलं नाही. कोणी मैत्रीण कुठे बोलावत असेल आणि ही घर सोडायला तयार नसेल. म्हणजे माझाच अंदाज खरा, पोर अजून सावरली नाही. मी इथून हलणं शक्य नाही.

आचाऱ्याचा निरोप होता की गिऱ्हाईकं विचारतात, मालक कधी येणार. मी कळवलं, पाय अजून धड नाही. खोटं बोलायची सवय लागली की ती पायातसुद्धा उतरते. काल खरोखरच लंगडलो, घरात कोणी नसताना.

गुरुवारचा डबा आला. कागद फाटल्याचा आवाज आला. जातो.

तुझा दादा

---

दि. २३ जून

ती. दादास सा. न. वि. वि. आणि चि. मनीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र दोघांना आहे. मने, तू ते जेवायच्या टेबलावर, वाडगे वाढून झाल्यावर, मोठ्याने वाच. दादा, तू मध्ये बोलायचं नाहीस.

मने, तुझा डबा पोचला. मी आणि शिवणवालीने चित्रं बघत तो शिजवला. चित्रातला माणूस हसत होता, आम्ही घामाघूम. अंडं आधीच उकडलेलं असतं, हे आम्हाला पुन्हा उकडल्यावर कळलं. तेलाची पुडी शिवणवालीच्या कात्रीने कापली, गेले दोन दिवस तिच्या गिऱ्हाइकांच्या झंपरांना सूपचा वास येतोय. तरी चव वाईट नव्हती. करणाऱ्याचे कष्ट दिसतात. पण मला ते आवडलं नाही. अर्धा वाडगा खाल्ला आणि ठेवून दिला.

तेव्हा मी तुम्हाला कळवते की मला हे नको. पुन्हा पाठवू नका.

मला सदुसष्टावं चालू आहे. वाढलेल्याला मी पहिल्यांदा नको म्हटलं. लिहून झाल्यावर वर बघितलं, छत जागेवर होतं. मनीवरची माया तपासली, तीही होती तेवढीच आहे. दादा, तू उपाशी दिवस काढलेस, उष्ट्या ताटांतलं खाऊन मोठा झालास, म्हणून तुला अन्न नाकारलेलं बघवत नाही. ते आम्हाला कळत होतं, म्हणून आम्ही पाळलं. पण वहिनी जन्मभर तुझ्यासमोर मुळा खात आली. तिला मुळा आवडत नव्हता, हे मला ती गेल्यावर तिच्या बहिणीने सांगितलं. तू दर आठवड्याला जातीने मुळा आणायचास, तिला आवडतो म्हणून.

माझं संपलं. आता तुम्ही दोघं समोरच्या वाडग्याबद्दल एकमेकांना एकदाच विचारा. खोटं बोलेल त्याच्या शेवया फुगोत.

दोघांवर सारखाच जीव असलेली,

ठकू

---

दि. २८ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसंच मोठ्याने वाचलं. मुळ्यापाशी थांबले, ती ओळ पुन्हा वाचली. बाबा मान खाली घालून ऐकत होते. मी कागद ठेवला. शेवया फुगत होत्या, दोघांच्याही. मग त्यांनी एका बोटाने वाडगा पुढे सरकवला आणि म्हणाले, "मला नको."

आत्या, मला हसू फुटलं. मी म्हटलं मलाही नको, पहिल्या डब्यापासून नको. तर ते चिडलेच. म्हणाले, मग मी इतके दिवस ते तळाचं सूप कुणासाठी पीत होतो. मी म्हटलं, आणि मी कुणासाठी मागवत होते. बराच वेळ आम्ही एकमेकांवरचे असे उपकार मोजत होतो.

मग बाबांनी दोन्ही वाडगे उचलले, उठले आणि मोरीपर्यंत चालत गेले. सरळ. काठी खुर्चीला टेकून उभी होती. मोरीशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पाठमोरेच उभे राहिले. मग ते, गिऱ्हाइकाला विचारतात ना त्या आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणखी काय काय नको आहे, सांगून टाक."

मी सगळं सांगितलं. कारखाना, विभाग, नळ. त्यांनीही सांगितलं. ही खोली नको, ते पाइप नकोत, लंगडणं नको. तू म्हणशील, सुटलात की. पण आत्या, नको म्हणणं सोपं गेलं, ऐकणं फार जड गेलं. माझ्या घरात बाबा कोंडल्यासारखे राहत होते आणि मी त्यांच्यासाठी पडदे बदलायचे ठरवत होते. त्यांच्याही डोळ्यांत तेच होतं, की आपल्यापायी पोर नवा कारखाना नाकारत होती. त्या दिवशी आम्ही दोघं उपाशीच राहिलो.

मी हो कळवलंय. बाबांना रविवारी घरी सोडते. तुझ्या तोंडाचं कुलूप आता काढ.

मनी

---

दि. २० जुलै

चि. ठकूस आशीर्वाद, वि. वि.

घरी आहे. जिन्याला सुताराकडून कठडा लावून घेतला. आचाऱ्याने पहिल्या दिवशी हातात काठी नाही बघून विचारलं, मालक, हाड जुळलं की बहाणा मोडला. त्याला कोणी सांगितलं ते मला कळलंय, शाई तुझ्या बोटाला लागलेली दिसते.

भिंतीवरची पाटी काढली नाही. पण काल एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने पानावर हात आडवा धरला, बास म्हणाला, तर मी वाढायचा डाव मागे घेतला. वाढप्या माझ्याकडे बघतच राहिला.

मनीचा फोन येतो. खोली लहान आहे, काम ढीगभर आहे, आवाज मोकळा आहे. नळ बंद असतो.

रतीब बंद करताना तिने शेवटचा डबा चुकून इथल्या पत्त्यावर लावला. परवा आला. टाकवेना. दुपारची गर्दी ओसरल्यावर वरच्या खोलीत शेगडी पेटवली. चित्रांचा कागद बाजूला ठेवला आणि कानावर शिजवलं. पाण्याचा बुडबुडा जड झाला की शेवया काढायच्या, एवढं मला कळतं. वाडग्यात घातल्या आणि लगेच तोंड लावलं, कुणाची वाट बघायची नव्हती. ठकू, काय सांगू, फार चांगलं झालं होतं. शेवया ताठ, सूप तोंड भाजणारं. तो हॉटेलवाला इतके दिवस मला हेच सांगत होता आणि मला ऐकू येत नव्हतं.

पण डबा दोघांपुरता. दुसरा वाडगा समोर तसाच राहिला. मी त्याच्याकडे बघत होतो आणि त्यातल्या शेवया फुगत होत्या. खाली वाढप्याला हाक मारली असती तर तो धावत आला असता, मालकाने बोलावलं म्हणून खाल्लंही असतं, आणि फर्मास म्हणाला असता. म्हणून नाही मारली.

तू ये. मनी तिकडच्या दिवाणखान्यातली आरामखुर्ची इथे ठेवून गेलीये, ती खिडकीशी टाकलीय. रस्ता दिसतो, पाइप नाही. मी रांधीन. नको असलं तर नको म्हण, पण एवढ्या लांबून टपालाने नको. समोर बसून म्हण.

वाट बघतो.

दादा