मेडशीची लंगडी

१२ मार्च १९३६, मेडशी नाका

वाघीण लंगडते आहे! नाल्याच्या ओल्या वाळूत ठसे सापडले. तीन पाय धड, पुढच्या डाव्याला दोन बोटं नाहीत. कुणाच्या तरी लोखंडी सापळ्यातून पाय ओढून काढलेला दिसतो. हलकट लेकाचे!

अठरा वर्षं मी या जंगलाची राखण करणारा नाकेदार. त्याआधी साहेब लोकांच्या शिकारीत हाका घालून जनावरं उठवायचो — तेव्हा वाघ मोजायला बोटं पुरायची नाहीत. आता ही एकटी उरली. आणि तिची दोन पिल्लं.

देवाच्या तसबिरीची काच काढून ठशांवर ठेवली आणि चारी पंजे शाईनं काचेवर गिरवून मग कागदावर उतरवले. बायको गिरजा ओरडली, "देवाले उघडं पाडलं अन् वाघिनीचे पाय पुजून राह्यले!" म्हटलं, देव कुठं पळून जातो? आठ दिवस बोलणार नाही आता.

१५ मार्च

ठशांचे कागद रेंजरसाहेबांना धाडायचे आहेत. लंगडा वाघ म्हटला की हुकूम ठरलेला — मारा. लंगड्याला सांबर गवसत नाही, मग तो गुरं धरतो, मग माणूस. साहेबांचं म्हणणं खोटं नाही.

तरीही केलं. पुढच्या उजव्या पंजाचा कागद उलटा करून खिडकीच्या उजेडावर धरला आणि त्यावरून डावा गिरवला. झाला चौथा पाय धड! अठरा वर्षांत पहिला खोटा कागद. तसाच साहेबांना धाडला.

२ एप्रिल

पुंजाजी गवळ्याची कालवड गेली. तावातावानं नाक्यावर आला. "नाकेदार, तुमची लाडकी माह्या गोठ्यापरेंत आली! त्या मेल्या कालवडीत जहर भरतो का नाही पाहा!"

बसवलं. चहा पाजला. म्हटलं, जहर घालू नको, पिल्लं आहेत तिला. माणसाला ती शिवायची नाही, माझी जबान.

"जबान देता? मंग राहू द्या." गेला बिचारा. जबान द्यायला माझं काय जातं!

१९ एप्रिल

पाणी आटलं. एकच डोह उरलाय, तोही गावाकडे. कालपासून रानात वानरं ओरडत नाहीत, म्हणजे ती त्या डोहाकडं सरकली. मला हे बरं वाटत नाही.

२ मे

विड्यांसाठी टेंभुर्णीची पानं तोडायला बायका निघाल्या. शेजारची प्रयागबाई दारात घुटमळली. "जाऊ ना, भाऊ? जीव घाबरून राह्यला."

म्हटलं, जा खुशाल. मी सांगतो ना!

३ मे

प्रयागबाई गेली.

४ मे

पानं तोडायला वाकली होती. मागून मान धरली. बायकांनी आरडाओरडा केला म्हणून अंग तरी हाती लागलं. मी पोचलो तेव्हा सगळा गाव तिथं जमलेला, जमीन पार तुडवलेली. मी ठसे शोधायला वाकलोसुद्धा नाही. काय पाहायचं? मला ठाऊकच होतं. एरवी कोल्ह्याचाही पाय मोजणारा मी!

तिची म्हातारी आई माझ्याकडे नुसती बघत होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तसाच मालेगावला रेंज कचेरीत गेलो आणि साहेबांपुढे सगळं ओकलो.

"म्हणजे तो कागद खोटा?"

"हो साहेब."

त्यांनी तो कागद काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तुमच्या नोकरीचं मागाहून बघू. आधी तिची जागा दाखवा."

९ मे

दाखवली. डोह, वरची दरड, ती कुठून उतरते, कुठं टेकते — सगळं मीच. भर दुपारी आली, तहान मारवेना. तीन पायांवर. साहेबांची एकच गोळी.

जवळ जाऊन पाहिलं. आचळं दुधानं भरलेली होती.

गावात गूळ वाटला. पुंजाजीनं मलाही हार घातला. "आता गुरं दूर चाराले न्यायची चिंता मिटली, नाकेदार!" मी हार काढून ठेवला. त्यानं मनावर घेतलं नाही, हसला. गिरजानं आज स्वतःहून भाकर पुढं ठेवली. तशीच राहिली. मी केलं ते बरोबरच केलं. दुसरं काय करणार होतो? प्रयागबाईच्या म्हातारीला तोंड कसं दाखवलं असतं!

१० मे

पिल्लं सापडत नाहीत.

११ मे

नाहीत. एका दगडाआड थोडे केस दिसले, बस्स.

१४ मे

आज सकाळी गुरांमागे गेलेला पुंजाजी मारला गेला. मान प्रयागबाईसारखीच, मागून धरलेली.

या खेपेला लोकांना लांबच थांबवलं आणि आधी वाकलो. बिबट्या आहे. पंजे माझ्या तळहाताएवढेही नाहीत.