अकरा नावांचं कार्ड

काका, त्या मंगळवारी सकाळी मी डिशवॉशरमधली भांडी काढून जागच्या जागी लावत होते. एकटीची भांडी, मशीन भरायला चार-चार दिवस लागायचे. वास यायला लागला की अर्धंच लावून टाकायचं. दुधाला विरजण लावलं होतं, ड्राइव्हवेवरचा बर्फ लोटून झाला होता, आणि दहा वाजताच दिवसभराचं काम संपलं होतं. ह्यांना जाऊन तीन महिने झाले होते. तेवढ्यात तुमची गाडी दारात उभी. बूट काढायचा कंटाळा म्हणून तुम्ही आत आलाच नाहीत. दारातूनच म्हणालात, "कोट घाल. लायब्ररीत डोळे कमी पडताहेत." मी म्हटलं, काका, मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तर म्हणालात, "उत्तम. कळणाऱ्यांनीच सगळा घोळ घालून ठेवलाय."

लायब्ररीच्या तळघरातली ती खोली आजही तशीच आहे. दातांचे निवृत्त डॉक्टर, शाळेची बस चालवणारे एक आजोबा, जन्मभर टपाल वाटलेल्या एक बाई, आणि तरुणपणी नागपूरहून आलेले, पूल बांधणारे इंजिनिअर, म्हणजे तुम्ही. आपल्या काउंटीत सगळ्यात आधी बेसबॉल कोण खेळलं, कुठल्या गिरणीची टीम होती, कुणी कुणाला हरवलं, हे शोधायला कुणी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तरी दर मंगळवारी जुन्या साप्ताहिकांच्या मायक्रोफिल्मा यंत्रावर चढवून तुम्ही पान पान सरकवत बसायचात. मी मॅट्रिक झालेली, इंग्रजी वाचायला शिकले ते याच लायब्ररीतली पुस्तकं घरी नेऊन नेऊन. तुम्ही मला यंत्रापुढे बसवलंत आणि म्हणालात, जे दिसेल ते कार्डावर उतरव, आणि कुठे पाहिलं ते त्याखाली लिही. दुसऱ्याच महिन्यात मी एका आडनावाचे दोन खेळाडू एकच समजून एका कार्डावर घातले. तुम्ही सगळ्यांसमोर ते कार्ड फाडलंत. "अंदाज मिठाचा करायचा. माणसांचा नाही." मी रडकुंडीला आले होते. पुढच्या मंगळवारी माझ्या लाकडी स्टुलावर एक जाड उशी होती. मी तिच्यावर बसून फिल्म चढवली. 

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, काका, आणि मी आज तुमच्यावर चिडलेय. गिरणीमागच्या कुरणाजवळ गाव एक धातूचा बोर्ड लावणार आहे. काउंटीतला पहिला बेसबॉल सामना इथे झाला, आणि खाली, हे शोधून काढलं तुम्ही. सगळा आधार तुमच्या छोट्या पुस्तिकेचा. टपालवाल्या बाई आता बोर्डाच्या कमिटीच्या सेक्रेटरी आहेत. बोर्ड करणाऱ्याला शेवटचा मजकूर द्यायचा होता आणि एका फॉर्मवर सही हवी होती, की मूळ कागद मी स्वतः पाहिला आहे. पुस्तिका टाइप मी केली होती, म्हणून सही माझी. मी पुस्तिका उघडली. बाकी प्रत्येक सामन्याखाली साप्ताहिक, पान, रकाना, सगळं आहे. नेमक्या याच सामन्याखाली लिहिलंय, त्या काळची वर्तमानपत्रं. माझं कार्ड फाडणाऱ्या माणसाने असं लिहावं?

म्हणून मी आपल्या गावचं साप्ताहिक पुन्हा काढलं. बातमी चार ओळींची. आपल्या बॉल क्लबची शेजारच्या गावाशी मॅच झाली, पाहुण्यांनी आधी इतक्या धावा केल्या, मग तितक्या, आणि आपल्या लोकांनी त्या पार केल्या तेव्हा तीन गडी अजून जायचे होते. काका, हे वाचून मी यंत्रावरून हात काढला. प्रत्येकी दोन डाव. पाठलाग. तीन गडी राखून विजय. आमच्या घरी रेडिओला कान लावून सगळी आळी बसायची. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तीन गडी बाकी असताना खेळ संपला कसा, तर पुस्तिकेत तुम्ही लिहिलंय, अंधार पडल्यामुळे खेळ थांबवला असावा. तुमचा तो "असावा" पुढच्या माणसाने गाळला, आता बोर्डाच्या मजकुरात चक्क अंधार पडला आहे.

मी कमिटीला सांगितलं की मला हा क्रिकेटचा सामना वाटतो. डॉक्टर हसले, प्रेमानेच. "रूल्स वेअर डिफरंट देन." हे या लोकांचं जुनं औषध आहे, तुम्हीही तेच द्यायचात. काही जुळलं नाही की तेव्हा नियम वेगळे होते. बसवाले आजोबा म्हणाले, तुम्हा लोकांना सगळीकडे क्रिकेटच दिसतं. सगळे हसले, मीही हसले, आणि गाडीत बसल्यावर माझे कान तापले. पुरावा काय, तर माझ्याकडे एक अंदाज. पुढचे तीन आठवडे मी फिल्मा पाहिल्या. फाटकी पानं, शाई उडालेली पानं, एक अख्खा महिना गायब. मान आखडली. तुमच्याशी मनात भांडत भांडत घरी यायचं, वरणभात लावायचा, आणि पुन्हा सकाळी तेच.

शेवटी तुमची खोकी काढली. घर रिकामं करताना तुमच्या लेकीने ती लायब्ररीला दिली होती. तिसऱ्या खोक्यात, पुलांच्या नकाशांखाली, ते कार्ड होतं. तुमचं तिरकं अक्षर. अकरा नावं. बेसबॉलला नऊच लागतात, म्हणून शेवटच्या दोघांपुढे, राखीव असावेत. आणि खाली आधार, अगदी काटेकोर: शेजारच्या गावचं साप्ताहिक, पान, रकाना. ते साप्ताहिक आता घरबसल्या कॉम्प्युटरवर दिसतं. दहा मिनिटांत सापडलं. अकरा नावांच्या शेजारीच दुसरा रकाना आहे, कोण कुणाच्या चेंडूवर त्रिफळाचीत झाला, कुणाचा झेल कुणी घेतला, किती वाइड, किती बाय. नावं उतरवून घेताना तुमची नजर बोटभर उजवीकडे गेली नाही? तुम्ही कॉलेजच्या टीममधून खेळलेले. गणपतीत मंडळात क्रिकेटच्या गप्पा सुरू झाल्या की उठून स्वयंपाकघरात काकूंना मदत करायला जाणारे. या लायब्ररीत पहिल्यांदा पाऊल ठेवलंत तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, रस्ता चुकलात का. ते तुम्ही दर वर्षी हसत सांगायचात, आणि दर वर्षी सांगायचात. गावातला पहिला सामना शोधला तर पुन्हा कुणी विचारणार नाही, असं वाटलं का? मला नाही कळत. विचारायला तुम्ही नाही, आणि कार्डाच्या मागे काही लिहिलेलं नाही. मी उलटून पाहिलं.

तुमच्या लेकीचा बेलव्ह्यूहून फोन आला. "मावशी, आय बुक्ड द फ्लाइट. बाबांनी हे बघायला हवं होतं, नो?" मी म्हटलं, बोर्डावर थोडं बदलावं लागेल बहुतेक. तिने विचारलं, "बट नॉट हिज नेम, राइट?" मी काहीतरी बोलले, कुकरच्या शिट्ट्या होताहेत म्हटलं. कुकर लावलेलाच नव्हता.

इतकं तुम्हाला सुनावल्यावर माझंही सांगायला हवं. पुस्तिका टाइप करताना तुम्ही कार्ड हातात धरून नावं वाचत होतात आणि मी कळा दाबत होते. शेवटची दोन राखीव, गाळून टाक, म्हणालात. मी मनात मोजली होती. अकरा झाल्यावर मला हसूही आलं होतं, म्हणजे आपलीच टीम की. तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही खिडकीकडे बघत होतात. मी दोन नावं गाळली. बोलले असते तर तुम्ही रागावला असतात, कदाचित गाडी दारात यायची थांबली असती, आणि मंगळवार सोडला तर मला घरातून बाहेर पडायला दुसरं कारण नव्हतं.

इथवर लिहून कागद घडी करून ठेवले. कुठे पाठवणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लायब्ररीत गेले, सही न करता फॉर्म परत दिला, तुमचं कार्ड आणि तो दुसरा रकाना टपालवाल्या बाईंपुढे ठेवला, आणि सांगितलं की तो सामना क्रिकेटचा होता, आणि हे मला पुस्तिका टाइप केली त्या दिवसापासून माहीत होतं.