मास्तरांनी शाळा सोडली तो शनिवार

३ नोव्हें., सोमवार
गुडघा बरा. सकाळी ब्लॉकखालच्या बाकावर चिनी म्हातारीला मान हलवली, तिनं हलवली. झाल्या गप्पा.
सई लॅपटॉपला चिकटलेली. नात माझी इतिहासात पीएच.डी. करते इथं सिंगापुरात. तोही न घडलेला इतिहास. अमेरिकेचा एक प्रेसिडेंट उघड्या गाडीतून चालला होता, गोळी लागून मेला. वाचला असता तर काय झालं असतं, हा हिचा अभ्यास. म्हटलं, "गं बाई, मेलेल्याला उठवायचीसुद्धा डिग्री असते?" तर म्हणते, "आजी, बोलतेस ते सगळं लिहितेय हं." लिही की. रोजनिशी माझी, हात तुझा. मला अक्षर येत असतं तर तुझी मनधरणी कशाला केली असती?

५ नोव्हें., बुधवार
आज मीच विचारलं, मग वाचला असता तर काय झालं असतं?
"व्हिएतनामची लढाई कदाचित लवकर आवरली असती. कदाचित नसती."
"म्हणजे माहीत नाही."
"नाही."
"मग तीन वर्षं काय करतेस?"
"माहीत नाही हे नीट सांगायला शिकतेय."
हसले. मग तिनं हाताची बंदूक करून दाखवली, गोळी कुठून आली ते. आणि माझं हसू थांबलं. अशीच बोटं करून दाखवली होती आमच्या मास्तरांनी.
माझा शाळेचा पहिला दिवस. शनिवार, मारुतीचा वार म्हणून आबांनी, माझ्या वडिलांनी, तोच धरलेला. सकाळची शाळा. नवी पाटी. नीट मांडी घालून बसलेसुद्धा नव्हते, तर मास्तर आले, म्हणाले अमेरिकेचा राजा मारला, जा घरी. वाटेत आबा भेटले. "पहिल्याच दिवशी मयताची खबर. पोरीला शाळा लाभायची नाही." संपलं. पाटीवर पुढं आई पापड वाळवायची.
सई उभीच राहिली. "आजी! म्हणजे तो वाचला असता तर तू शिकली असतीस!"
असं कधी मनात आलं नव्हतं. आता रात्रभर तेच डोक्यात राहणार.

८ नोव्हें., शनिवार
शुक्रवारी सईला युनिव्हर्सिटीत भाषण द्यायचंय, सगळ्या प्रोफेसरांपुढं. सुरुवात माझ्यापासून करणार. आरशापुढं उभं राहून "माय ग्रँडमदर" म्हणते तेवढं कळतं. बरं वाटतं, खोटं का बोलू.
दुपारी चेहरा पडला. माझं आधार कार्ड घेऊन बसली. त्यावरून हिशेब केला तर त्या साली मी तीन वर्षांची. म्हटलं, "कार्डावर एक जून आहे ना? गावात आम्ही सगळे एक जूनलाच जन्मलो. एजंटनं आम्हाला बघून साल टाकलं." "पण आजी, दुसराच कुणी गेला असेल तर? आपले पंतप्रधान?" ते गेले तेव्हा आबा जेवले नव्हते, ते वेगळं आठवतं. का तोच दिवस? आता तेही खात्रीनं सांगता येत नाही.
"अण्णामामांना विचारू या?"
अण्णा माझा थोरला भाऊ. तेव्हा त्याच शाळेत चौथीत. म्हटलं, आज नको, त्यांच्याकडे लाइट नसते.

९ नोव्हें., रविवार
सई पुलाउ उबीन बेटावर घेऊन गेली. बारा माणसं झाल्याशिवाय बोट सोडत नाहीत, आपल्याकडच्या वडापच्या जीपसारखं. दहा होतो. बसलो वाट बघत. ही परत, "अण्णामामांना फोन लावू?"
"तुझा प्रेसिडेंट अमेरिकेत मेला, त्याला अण्णा काय करणार?"
"आजी, तू घाबरतेस."
हो. शाळा सुटलीच नव्हती असं अण्णा म्हणाला तर? मग आबांनीच मला काढलं. आजवर आबांना एका शब्दानं बोलले नाही. ते बिचारे घालायला गेले होते, मधे तो मेला. हे लिहू नकोस म्हटलं. आता वाचून दाखव म्हटलं तर लिहिलेलं. असू दे.

११ नोव्हें., मंगळवार
लावला फोन. व्हिडिओ आहे म्हणून सांगितलं तरी अण्णा फोन कानालाच लावतो. पूर्ण वेळ त्याच्या कानाशी बोललो.
"अण्णा, मी शाळेत गेले त्या दिवशी शाळा सुटली होती ना रे?"
"सुटली तर. अमेरिकावाला गेला तेव्हा. आम्ही विटीदांडू खेळलो." सईनं टाळी वाजवली. कान पुढं बोलला. "पण सोमवारी आबांनी नेलं की तुला परत. तू रस्त्यातच बसलीस. आबांनी ओढली, तर भोकाड पसरलंस."
"का?"
"मी गेले की माणूस मरतो, म्हणत होतीस. दोन दिवस तसंच. मग आबा म्हणाले, राहू द्या."
मला यातलं काहीच आठवत नाही. काहीच नाही.
फोन ठेवल्यावर म्हटलं, अण्णा आबांचा लाडका. त्यांच्यावर काही येऊ देणार नाही. तो शिकला, मी त्याच्या म्हशी राखल्या. तो असंच सांगणार. सई म्हणाली, "किंवा खरं असेल." उगाच रागावले तिच्यावर. खिचडी खाली लागली.

१४ नोव्हें., शुक्रवार
सकाळी बूट घालता घालता सईनं विचारलं, "आजी, कुठलं सांगू?" म्हटलं, भाषण तुझं. मी अंगठेबहाद्दर.
संध्याकाळी आली. दोन्ही सांगितलं म्हणे. एका प्रोफेसरांनी विचारलं, यातलं खरं कुठलं? ही म्हणाली, "आजीला विचारून सांगते."
"वा! म्हणजे नापास मी होणार."
हसली. पण पेन घेऊन बसलीच आहे समोर.

१६ नोव्हें., रविवार
दोन दिवस डोळे मिटून बघतेय. सोमवारचा तो रस्ता. आधी दिसत नव्हता, आता दिसतो. पण अण्णानं सांगितला म्हणून दिसतो का आपला आपण, कळत नाही. बाभळी आहेत. पायाला फुफाटा. माझ्या मनगटावर आबांचा हात, करकचून. सई विचारते, मग?
हात आठवतो गं. शाळेकडं ओढतोय का घराकडं, तेवढं दिसत नाही.