हातोड्याची तासलेली मूठ

बाबा, तुमची औजारांची पेटी मी उघडली. तुम्ही गेल्यावर आई आता कायमची माझ्याकडे नवा रायपूरला आली, म्हणून आपलं भनपुरीचं जुनं घर रिकामं करत होतो. दाराशी भंगारवाला उभा होता. पेटीत डोकावून म्हणाला, "दीदी, सब जंग खा गया." मी देऊनच टाकणार होते. आईने पेटीवर नुसता हात ठेवला.

तेव्हापासून दर रविवारी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून बसते. पाने, छिन्न्या व्हिनेगरमध्ये भिजवायच्या, तारेच्या ब्रशने घासायच्या, धुऊन लगेच कोरड्या करून तेलाचं बोट फिरवायचं. पहिल्या खेपेला तेल लावायचं राहिलं, तर जेवण होईस्तोवर पुन्हा गंजाची लाली चढली. तुम्ही उरला भागातल्या रोलिंग मिलमधून आलात की हातपाय धुण्याआधी औजारं का पुसायचात, ते आत्ता कळलं.

मग एक दिवस मिलच्या रोलरमध्ये तुमच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली. तुम्हाला फिटरचं काम सोडवून गेटवर बसवलं आणि पेटी पलंगाखाली गेली. मी कॉलेजात होते, सगळं कळतं असं वाटायचं वय. त्याच हिवाळ्यात तुम्ही डाव्या हाताने तुरीच्या शेंगा सोलताय आणि मी समोर उभी राहून बोलतेय, "औजारं सडून राहिली बाबा, पुसत काहून नाही? दोन बोटंच गेली ना? तुम्ही हिंमतच हारली." तुम्ही वर पाहिलं नाही. "हव," एवढंच म्हणालात आणि पुढची शेंग उचललीत.

गेल्या रविवारी हातोडा हातात घेतला. मुठीवर काळ्या चिकट मळाचा थर होता. चाकूने खरवडला तर खाली सायकलच्या ट्यूबचे वेढे, आणि ते सोडवल्यावर एका बाजूने खोल तासलेलं लाकूड. माझ्या हातात ती मूठ बसेना. शेवटची दोन बोटं दुमडली, तेव्हा बरोबर बसली.

आई मेथी निवडत होती. तिला दाखवलं.

"तू कॉलेजात गेली का मागच्या अंगणात बसत," ती म्हणाली. "मूठ तासत, खिळा ठोकून पाहत. हातोडा सुटेच हातातून. एकडाव पायावर पडला."

त्या पायाला बांधलेली पट्टी मला आठवते. पायावर सायकल पडली म्हणाला होतात.

"मले काहून नाही सांगितलं?"

"म्या म्हटलं होतं, सांगा. तर म्हणे, पोट्टी शिकून राहिली, तिले कशाले! दोन पावसाळे करत होते, मंग सोडलं."

म्हणजे मी बोलले त्या दुपारीही तुमचं चालूच होतं. तरी "हव" म्हणून कबूल केलंत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. परवा आई शेजारणीला सांगत होती, "बोटं गेल्यावर बी आमच्या घरात त्यायले कोणी एका शब्दानं दुखवलं नाही." मी तिथेच उभी होते. त्या दुपारचं माझं बोलणं तिला मी अजून सांगितलेलं नाही.