लेकीचं आमेन

१ सप्टेंबर, शनिवार
चर्चच्या तरुण संघाची जबाबदारी आजपासून माझ्यावर. दुसरं कोणी तयारच नव्हतं, असं पाळकसाहेब म्हणाले. म्हणजे माणूस पारखून घेतला. पोरं तेरा ते सतरा वयाची, माझी लेकही त्यांतच. संकल्प: वर्षभरात एकेकाला पक्का शिष्य करून सोडायचं. ऑफिसातून थेट गेलो, त्यामुळे कंबर धरली आहे.

८ सप्टेंबर, शनिवार
आजचा विषय: मोकळेपणा. सगळी मिठाची गुळणी धरून बसलेली. शेवटी मीच उदाहरण घालून दिलं. समारोपाच्या प्रार्थनेत मोठ्याने म्हणालो, देवा, माझी लेक गणितात नापास झाली आहे आणि ते मैत्रिणींपासून लपवते आहे, तिला खरं बोलायचं धैर्य दे. एकदम पिनड्रॉप सायलेन्स. भिडलं पोरांना! सगळे आमेन म्हणाले, लेक सोडून. भारावली असावी.

९ सप्टेंबर, रविवार
लेक बोलत नाही. जेवणाआधीच्या प्रार्थनेलाही तिचं आमेन नाही. बायको म्हणते, पोरीची अब्रू चव्हाट्यावर मांडली. मी म्हटलं, चव्हाट्यावर नव्हे, देवासमोर. तर म्हणते कशी, देवाला आधीच माहीत होतं, उंटाला नव्हतं. उंट म्हणजे संघातला तो लांबलचक मुलगा. आता शाळाभर करणार म्हणे.
बायकांना आध्यात्मिक गोष्टी पटकन कळत नाहीत.

१५ सप्टेंबर, शनिवार
लेक आली, पण आत येईना. बाहेर पायऱ्यांवर बसून राहिली. मूड असतात या वयात.
समारोपाची प्रार्थना जरा लांबली. मोबाइल, उशिरा येणं, आईबापांना उलट उत्तरं, सगळं एकदाचं देवाच्या कानावर घातलं. पोरांना तोंडावर रागवायचं नाही, हे माझं तत्त्व आहे. आमेन म्हणून डोळे उघडले, तर खोलीत पंखा आणि मी. पोरं चपला हातात घेऊन गेली असणार, जराही आवाज नाही. प्रार्थनेचा मान राखायला शिकली म्हणायची. प्रोग्रेस आहे.
खुर्च्या मीच रचल्या. कंबर!

१८ सप्टेंबर, मंगळवार
पाळकसाहेबांनी बोलावून घेतलं. पोरं घरी सांगतात म्हणे, की सरांना काहीही सांगितलं तर ते पुढच्या प्रार्थनेत येतं. मग विचारलं, तुमची स्वतःची लेक पायऱ्यांवर का बसते? मी मूडचं सांगितलं. ते म्हणाले, आधी घरचं आमेन मिळवा, मग संघाचं बघू. तोवर पोरं चर्चमधल्या एका डेंटिस्टकडे. तो गिटार वाजवतो.
मला विश्रांती हवीच होती.
पण घरी जायला पाय उचलेनात. लेक बोलत नाही याचं वाईट वाटतं. फार वाटतं. लिहून टाकलं, बस्स.

२० सप्टेंबर, गुरुवार
लेकीशी स्पष्ट बोलायचं ठरवलं होतं. ऑफिसात पार पिट्ट्या पडला. उद्या नक्की.

२१ सप्टेंबर, शुक्रवार
तिचं दार बंद होतं. टकटक करणार होतो, पण अभ्यास करत असली तर? गणिताचा असला तर? उद्या नक्की.

२२ सप्टेंबर, शनिवार
संघ आता माझ्याकडे नाही, तरी पाय चर्चकडे वळले. खिडकीतून गिटार ऐकू आली. पायऱ्यांवर कोणी नव्हतं. लेक आत होती, हसत होती. तसाच मागे फिरलो. गिटारचे सूर लागलेले नव्हते, हेही नोंदवून ठेवतो.

२३ सप्टेंबर, रविवार
दुपारी जेवायला बसलो. मी मोठ्या मनाने जाहीर केलं, आजची प्रार्थना लेक करेल. लीडरने दुसऱ्याला संधी द्यायची असते.
तिने डोळे मिटले. म्हणाली, देवा, बाबांना माझ्याशी काही बोलायचं असेल, तर तुला मध्ये न घालता त्यांना माझ्याशीच बोलू दे.
बायको खणखणीत आमेन म्हणाली. सवयीने माझ्याही तोंडून निघून गेलं. आमेन म्हणजे तसंच होवो. आता माघार घ्यायची सोय राहिली नाही.
डोळे उघडले. लेक माझ्याकडे बघत होती, कितीतरी दिवसांनी. चुकलो म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. मी घसा साफ केला, तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते असं: हे दयाळू पित्या, माझ्या मुलीला...
बायकोने कपाळावर हात मारून घेतला. लेक ताट उचलून तिच्या खोलीत गेली.