उकळलेल्या रसानंतरचा आकडा मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
फळरस व कोलेस्टेरॉल अभ्यास विभाग,
सार्वजनिक रुग्णालय, जुनी इमारत, तळमजला.

विषय : माझ्या शेवटच्या रक्ततपासणीतील कोलेस्टेरॉलचा आकडा कळविण्याबाबत.

संदर्भ : १) आपले ‘सहभाग रद्द’ पत्र (त्यावर तारीख नाही).
२) याच विषयावरील माझे आधीचे अर्ज (त्यांची पोच आहे, उत्तर नाही).

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की,

१. मी पडदे शिवण्याचा व्यवसाय करतो. दिवसभर मशीनवर बसून कोलेस्टेरॉल वाढले, असे आपल्याच डॉक्टरांनी सांगितले व आपल्या अभ्यासात माझे नाव घातले. मी रोज सकाळी प्रोबायोटिक फळरसाची एक बाटली प्यावी आणि कोलेस्टेरॉल उतरते का, ते आपण पाहावे, असे ठरले. मी एकही बाटली चुकवली नाही. आंबट होता तरी प्यायलो.

२. माझी आई हा रस मला देण्यापूर्वी पातेल्यात ओतून चांगला उकळत असे. “सकाळी सकाळी फ्रिजमधलं गार पोटात घालायचं? घसा धरेल ना रे,” असे तिचे म्हणणे. माझी चाळिशी उलटली, ही गोष्ट तिच्या लेखी अद्याप घडलेली नाही. रस उतू जाऊ नये म्हणून ती गॅससमोरून हलत नसे. यात काही चुकते आहे, हे तिच्या, माझ्या वा माझ्या पत्नीच्या ध्यानी आले नाही.

३. आपल्या सिस्टर घरी आल्या, त्यांनी रिकाम्या पोटी माझे रक्त घेतले आणि हात धुवायला स्वयंपाकघरात गेल्या. तेथे रसाला उकळी फुटली होती. त्या म्हणाल्या, “अहो आजी, यात चांगले जिवंत जंतू असतात. त्यांचाच तर गुण बघायचाय आम्हाला. तुम्ही रोज सगळे मारून टाकलेत की!” सिस्टर हसत बोलल्या, त्यांच्याविषयी तक्रार नाही. परंतु माझी आई साखरेच्या डब्यातली मुंगीसुद्धा चमच्याच्या टोकावर घेऊन खिडकीबाहेर सोडणारी बाई आहे. तेव्हापासून तिने गॅस पेटवलेला नाही. “माझ्या हाताला गुण नाही. औषधाचं विष केलं मी पोराच्या,” एवढेच म्हणते व बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसते.

४. आपल्या पत्रात नियमभंगाचा उल्लेख आहे. तरी निदर्शनास आणतो की, बाटलीसोबतच्या पत्रकात “थंड जागी ठेवावे” असे आहे. आम्ही थंड जागीच ठेवले. “थंड प्यावे” असे कोठेही नाही. शिवाय आपल्या संमतिपत्रानुसार निम्म्या लोकांना मुळातच जंतू नसलेला रस दिला जाणार होता. त्यांना आपण वगळले नाही, उलट त्यांना आकडे दिले. त्यांचा रस आपण साधा केला, माझा माझ्या आईने केला, एवढाच काय तो फरक. हवे तर उकळून पिणाऱ्यांचा तिसरा गट काढावा. त्यात मी एकटा राहण्यास तयार आहे.

५. आकड्यासाठी आपल्या खिडकीवर गेलो असता तेथील कारकून म्हणाले, “तुम्ही वगळलेले. तुमचं रक्त आमच्याकडे नाही.” सिस्टरांनी माझ्यादेखत नळी भरली, असे सांगितल्यावर म्हणाले, “रक्त आहे हो, पण ते आता सहभागीचं रक्त नाही.” मग ते कोणाचे, असे विचारले. त्यावर त्यांनी खिडकी लावून घेतली. पुढच्या खेपेस त्यांनी बाहेर तपासणी करून घेण्याचा सल्ला दिला. महोदय, बाहेरची तपासणी आजचा आकडा सांगेल. आईच्या हातच्या रसाने काय केले, ते त्या दिवशीच्या रक्तातच आहे.

६. मी आईशी खोटेही बोलून पाहिले. आकडा उतरला, असे सांगितले. तिने शिक्क्याचा कागद मागितला. तिला फसवणे मला लहानपणीही जमले नव्हते. त्या रात्री पत्नीने ताट नेऊन दिले, ते तिने तसेच परत पाठवले.

७. रसामुळे कोलेस्टेरॉल उतरते की नाही, हा आपला विषय आहे, तो आपण सावकाश अभ्यासावा. मला फेऱ्या मारून वैताग आला आहे, आणि रागही आला आहे, तो अर्जाच्या भाषेत बसत नाही. मला पुन्हा अभ्यासात घ्या, असेही माझे म्हणणे नाही. घरात माझी आई दिवसेंदिवस बोलायची कमी होत चालली आहे आणि तिच्यासाठी लागणारा एक आकडा आपल्या कपाटात पडून आहे, एवढेच माझे गाऱ्हाणे आहे.

तरी विनंती की, आकडा उतरला असल्यास तो शिक्क्यासह थेट माझ्या आईस कळवावा, मला नाही कळवला तरी चालेल. चढला असल्यास फक्त मला कळवावा. ते पत्र कृपया घरी येऊ देऊ नये.

आपला नम्र व वगळलेला,
(सही)
पडदेवाला

दिनांक : ४ मार्च

सोबत :
१) ‘सहभाग रद्द’ पत्राची प्रत.
२) बाटलीसोबतचे पत्रक (“ठेवावे” या शब्दाखाली रेघ मारली आहे).
३) तिकीट लावलेले दोन लिफाफे. एकावर आईचे नाव व घरचा पत्ता, दुसऱ्यावर माझ्या दुकानाचा पत्ता. यांतील एकच वापरावा.