आज शीळ नाही

अगं, रात्रपाळीवरून येऊन आत्ताच झोपलीस, म्हणून न उठवता ही चिठ्ठी ठेवतोय. छपरावर काम करताना ओठात खिळे धरायची माझी सवय, त्यामुळे खालच्या ओठावरची ती न भरणारी जखम खिळ्याचीच वाटली. कॅन्सरची निघाली, छपरांवरच्या उन्हाने होतो म्हणे. तुला सांगायला जीभ रेटेना. आज ती जखम कापून काढतील. लवकर सापडली, मानेत गाठ नाही, बहुतेक जण बरे होतात, असं डॉक्टर म्हणाले.

पहाटे स्वप्नात मी शीळ घालत होतो आणि कौलं पाखरांसारखी अलगद उडत होती.

ओठाला टाके असतील, म्हणून संध्याकाळी फाटकातून नेहमीची शीळ येणार नाही. बेल वाजवीन. बेल वाजली की कुणी विकायला आलंय म्हणून तू पडून राहतेस. आज तेवढं दार उघड.